भिंग कोणी निवडावे?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेविषयी आपल्या लोकांत पूर्वीसारखी भीती आता राहिलेली नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. सकाळी जावे, अर्ध्या तासाच्या आत काम व्हावे आणि दुपारच्या जेवणाला घरी यावे, इतके ते सोपे झाले आहे. पण भीती गेली आणि तिच्या जागी एक प्रश्न येऊन बसला. डोळ्यात भिंग कोणते घालायचे? डॉक्टर विचारतात, मुले विचारतात, नातेवाईक आपापला अनुभव सांगतात. आणि ज्याचा डोळा आहे तो माणूस शेवटी माझ्यासारख्या निवृत्त नर्सला फोन करून म्हणतो, "सिस्टर, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

वाचक बंधू-भगिनींनो, ह्या लेखात मला भिंगांची वाखाणणी करायची नाही, आणि निंदाही नाही. विचार करायचा आहे तो ह्या शेवटच्या प्रश्नाचा. दुसऱ्याच्या डोळ्याविषयी सांगण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि किती? आणि "तुमचं तुम्ही ठरवा" असे म्हणून गप्प बसणे, ह्याला त्या माणसाचा मान राखणे म्हणावे की अंग काढून घेणे?

आमच्या आजीच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. अलिबागेकडच्या गावातून तिला मुंबईला नेले, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या, डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि कित्येक दिवस उताणे निजवून ठेवले. डोळ्यातले गढूळ भिंग काढून टाकले, पण त्या जागी काही घातले नाही. तशी पद्धतच नव्हती. पुढे तिला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळाला. त्या चष्म्यातून प्रत्येक वस्तू पाव पटीने किंवा त्याहूनही मोठी आणि जवळ दिसे. म्हणून आजी चहा कपात ओतायला गेली की तो बशीच्या अलीकडे सांडे. आम्ही मुले हसत असू. आजी रागवत नसे. तिच्या दृष्टीने दिसत होते हेच पुष्कळ होते.

आणखी एक गोष्ट मला पुढे नर्सिंग शिकताना समजली. गावातले म्हातारे लोक म्हणत, "अजून पिकला नाही, दुसराही पिकू दे." आम्हांला तो अडाणीपणा वाटे. पण त्यात तथ्य होते. एका डोळ्याने जाड चष्म्यातून मोठे दिसणार आणि दुसऱ्या चांगल्या डोळ्याने जसेच्या तसे. अशी दोन लहान-मोठी चित्रे मेंदूला एकत्र करता येत नाहीत. माणसाला एकाचे दोन दिसू लागतात. म्हणजे एकच डोळा बिघडलेला असेल तर त्या काळची शस्त्रक्रिया त्याला फारशी उपयोगाची नव्हती. दोन्ही डोळे जवळजवळ जाईपर्यंत थांबायचे, हाच मार्ग होता.

ही अडचण सुटली ती डोळ्याच्या आत भिंग बसवण्याच्या शोधाने. इंग्लंडचे डॉक्टर हॅरोल्ड रिडले ह्यांनी महायुद्धात जखमी झालेल्या वैमानिकांचे डोळे तपासले. विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचे, कण त्यांच्या डोळ्यांत शिरले होते आणि डोळ्याला काही त्रास न देता तसेच राहिले होते. त्यावरून त्यांना कल्पना सुचली आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांनी पहिले भिंग बसवले. (२९ नोव्हेंबर ही तारीख आपल्याला १९४७ सालच्या दुसऱ्या एका कारणाने पाठ आहे, ठीक दोन वर्षांनंतरचा हा दिवस.) पहिल्याच भिंगाचा नंबर बराच चुकला आणि त्या बाईंना दूरचे पाहायला मोठा मायनस नंबर लागला. डॉक्टरांच्या जातभाईंनी रिडलेंना अनेक वर्षे नावे ठेवली. मी १९८० नंतरच्या वर्षांत वॉर्डात उभी राहिले तेव्हा दोन्ही प्रकारचे रोगी येत: जाड चष्म्याचे जुने आणि आत भिंग घातलेले नवे. जुन्यांनी नव्यांकडे कसे पाहिले असेल ते मी सांगायला नको.

आता भिंग सगळ्यांनाच मिळते, पण त्यांचे प्रकार झाले आहेत. थोडक्यात सांगते, कारण ह्याशिवाय पुढचे बोलणे कळणार नाही. साधे मोनोफोकल भिंग एकाच अंतरावर स्पष्ट दाखवते. ते दूरचे ठेवले तर वाचायला चष्मा लागतो. जवळचे ठेवले तर बस पाहायला चष्मा लागतो. इस्राएलमध्ये आपल्या सल ब्रिउतमधून मिळते ते हे भिंग. बहुतेक ठिकाणी डॉक्टर ते दूरचेच ठेवतात, पण ते जवळचे ठेवा असे म्हणता येते हे पुष्कळांना ठाऊकच नसते. दुसरे टोरिक, डोळ्याच्या पुढच्या भागाची गोलाई एका दिशेने कमी-जास्त असेल, चष्म्यात सिलिंडरचा मोठा नंबर असेल, तर त्याचा चांगला उपयोग होतो. त्याला मी चैन म्हणणार नाही. तिसरे मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल, ज्याची सर्वांत जास्त चर्चा होते. त्यात कड्यांसारखी रचना असते आणि डोळ्यात येणारा उजेड ती दूर, मध्य आणि जवळ असा वाटून देते. म्हणून पुष्कळांचा चष्मा सुटतो. पण उजेड वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो. त्यामुळे रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात, आणि कमी प्रकाशात राखाडीवर राखाडी वस्तू ओळखणे जड जाते. ह्या दोहोंच्या मधली भिंगेही निघाली आहेत. डोळ्याच्या पडद्याला मधुमेहाने किंवा वयाने इजा झाली असेल तर वाटणीचे भिंग सहसा घालू नये, आणि मधुमेह आपल्या घरांत काही परका पाहुणा नाही.

ह्यांतले एकही भिंग वीस वर्षांचा डोळा परत आणून देत नाही. प्रत्येक भिंग काहीतरी देते आणि काहीतरी काढून घेते. "सगळ्यात चांगलं घाला" ह्या वाक्याला म्हणून अर्थ नाही. कशासाठी चांगले, हे कोणीतरी सांगायला हवे, आणि ते यंत्रात मोजता येत नाही. यंत्र डोळ्याची लांबी मोजते, मिलिमीटरच्या शतांशापर्यंत मोजते. कारण एक मिलिमीटर चुकला तर अडीच-तीन नंबर चुकतात. पण हा माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत काय पाहतो, कोणाकडे पाहतो, हे त्याच्या कागदावर येत नाही.

त्यातून एकाच डोळ्याचे काम असले की विचार आणखी नाजूक होतो. दोन्ही डोळे करायचे असतील तर जोडी जुळवता येते. एकच करायचा तर नव्याला जुन्याबरोबर संसार करायचा असतो. दोहोंच्या नंबरांत सुमारे तीनपेक्षा जास्त फरक पडला तर चष्म्याने तो नीट भरून निघत नाही. पुन्हा आजीच्या दोन चित्रांचीच गोष्ट. रंगसुद्धा जुळत नाहीत. पट्टी काढल्यावर दुसऱ्या दिवशी रोगी एक डोळा झाकतात, मग दुसरा झाकतात आणि म्हणतात, "सिस्टर, ह्या डोळ्याने भिंत पांढरी आहे आणि ह्याने पिवळी." ती भिंत कित्येक वर्षे त्यांना पिवळीच दिसत होती. ते त्यांना आज समजते.

चित्रकार क्लोद मोने ह्यांची गोष्ट ह्यासंबंधात वाचण्यासारखी आहे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि चित्रांतले रंग तांबूस, मातकट होत चालले होते. त्यांचे मित्र जॉर्ज क्लेमांसो, जे फ्रान्सचे पंतप्रधान होऊन गेले होते आणि शिक्षणाने डॉक्टर होते, त्यांनी शस्त्रक्रियेसाठी फार आग्रह धरला. १९२३ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, मोने ह्यांचा उजवा डोळा झाला. त्यानंतर रंग चुकीचे दिसतात, वस्तू वाकड्या दिसतात म्हणून ते इतके संतापले की डॉक्टरांना पश्चात्ताप व्हावा. निरनिराळे रंगीत चष्मे झाले. हळूहळू त्यांचे मन शांत झाले आणि ते पुन्हा चित्रे काढू लागले, पण दुसऱ्या डोळ्याला त्यांनी हात लावू दिला नाही, क्लेमांसोंनासुद्धा नाही म्हणाले. मित्राने भल्यासाठीच आग्रह केला होता ह्यात शंका नाही. पण त्या डोळ्यातून रोज पाहायचे होते ते मोने ह्यांना, क्लेमांसोंना नव्हे.

आता सल्ल्याकडे येते. हिब्रूत नर्सला आहोत म्हणतात, म्हणजे बहीणच. आपल्याकडे मुंबईत सिस्टर म्हणतात, तीही बहीणच. त्यामुळे "सिस्टर, तुम्ही असता तर?" असे कोणी विचारले की त्याला पुस्तकातले उत्तर नको असते, बहिणीचे हवे असते. १९९६ साली ह्या देशात रुग्णांच्या हक्कांचा कायदा झाला, आणि तो फार चांगला कायदा आहे. रोग्याला सगळे समजावून सांगितल्याशिवाय आणि त्याने होकार दिल्याशिवाय त्याच्या अंगाला हात लावता येत नाही. त्याआधी डॉक्टर ठरवत आणि रोगी मान हलवत. पण मी असेही पाहिले आहे, की हा हक्क कधीकधी गाठोड्यासारखा म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर टाकून दिला जातो. चार पानांचा हिब्रू कागद हातात देतात, "गेवेरेत, तू निवड" म्हणतात, आणि पुढच्या रोग्याला आत बोलावतात. ज्या माणसाने जन्मात भिंग पाहिलेले नाही त्याने काय निवडायचे? चपला घ्यायला गेले तरी दोन घालून पाहता येतात. हे भिंग घालून पाहता येत नाही. एकदा बसले की काढणे शक्य असते, पण जसे दिवस जातात तसे ते अवघड आणि धोक्याचे होते.

तोरात वायिक्राच्या १९ व्या अध्यायात आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवण्याची मनाई आहे. लहानपणी मला वाटे, असे दुष्ट काम करणारे लोक कितीसे असतील, की त्यासाठी आज्ञा लागावी? राशींनी तिचा जो अर्थ सांगितला आहे तो कळल्यावर मला आज्ञेची गरज पटली. त्यांच्या मते आंधळा म्हणजे त्या बाबतीत ज्याला कळत नाही तो. त्याला त्याच्या हिताचा नसलेला सल्ला देऊ नये. शेत विकून गाढव घे, असे त्याला सांगायचे आणि मागून ते शेत आपणच घ्यायचे, असा प्रकार करू नये. ह्यात सल्ला देऊ नये असे म्हटलेले नाही, हे ध्यानात घ्यावे. सल्ला देणाऱ्याचा डोळा कोणाच्या शेतावर आहे, एवढेच विचारले आहे. महाग भिंग घालणाऱ्या डॉक्टरला त्यात चार पैसे जास्त मिळत असतील तर तो लबाड ठरत नाही, पण ते त्याने सांगितले पाहिजे. आणि मी? मला पैसे मिळत नाहीत. पण "सिस्टरने सांगितलं म्हणून केलं" हे ऐकायला गोड लागते, आणि तोही एक लोभच आहे.

आपल्या घरांत ह्या वाटेत आणखी एकजण उभा असतो, तो म्हणजे दुभाष्या. डॉक्टर हिब्रूत बोलतात, आई मराठीत ऐकते, आणि मध्ये मुलगा किंवा मुलगी. डॉक्टर दहा मिनिटे बोलतात आणि मुलगा सांगतो, "आई, सगळं ठीक आहे, चांगल्यातलं घालणार आहेत." हसू नका. हे मी शंभर वेळा ऐकले आहे.

एका घराची हकीगत सांगते. त्या बाईंची परवानगी आहे. गाव मात्र सांगत नाही. त्यांचे वय तेव्हा ७१. उजव्या डोळ्यात पक्का मोतीबिंदू, डाव्यात नुकतीच सुरुवात. शाळेत असल्यापासून त्यांना मायनस पाचाचा चष्मा. अशा लोकांना एक देणगी असते: चष्मा काढला की वीतभर अंतरावरचे त्यांना इतके बारीक दिसते की तुम्हांआम्हांला दिसणार नाही. ह्या बाई चष्मा काढून तांदूळ निवडत, माशाचे काटे काढत, साडीला फॉल लावत. मुलांनी ठरवले, की आईचा चष्मा एकदाचा घालवायचा. तिघांनी मिळून पैसे जमवले, ट्रायफोकल भिंग पक्के केले, तारीख घेतली. बाई कागद घेऊन माझ्याकडे आल्या त्या थेंब कसे घालायचे हे विचारायला.

मी कागद वाचला. डॉक्टरांनी स्वच्छ लिहिले होते, की एक डोळा असा केला तर दुसऱ्यात पाच नंबरांचा फरक राहील, चष्म्याने तो भागणार नाही. तोपर्यंत डाव्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स वापरावी लागेल आणि तो डोळाही लवकरच करावा लागेल. मी हे मराठीत सांगितले. बाई म्हणाल्या, "दुसरा डोळाही? हे मला कोणी बोललं नाही."

मुलगा वाईट नाही. आई घाबरेल आणि शस्त्रक्रियाच नको म्हणेल, म्हणून त्याने ते गाळले. दुभाषे बहुधा प्रेमानेच गाळतात.

मग मी त्यांना तीन वाटा सांगितल्या. सलमधले साधे भिंग दूरचे ठेवायचे, म्हणजे फरकाची तीच अडचण आणि शिवाय वाचायला चष्मा. किंवा तेच साधे भिंग मायनस तीनच्या आसपास ठेवायचे. मग चष्मा राहील, पण डाव्या डोळ्याशी फरक दोनाचाच उरेल, जवळचे बिनचष्म्याने दिसत राहील, आणि डावा डोळा अजून काही वर्षे निवांत थांबू शकेल. किंवा मुलांनी ठरवले आहे ते. पाव तासात त्यांना सगळे समजले. आपल्या आयांना समजत नाही असे म्हणणारे लोक त्यांना समजेल अशा भाषेत कधी बोललेलेच नसतात.

मधली वाट ऐकताना त्यांचा चेहरा उजळला, हे मी पाहिले. पण थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मुलांनी ठरवलंय तेच करते."

मी कारण विचारले. "त्यांनी जादा कामं करून पैसे जमवलेत. मी नको म्हटलं तर पैसे वाचतील, पण त्यांचं मन मोडेल."

मी म्हटले, "साडी आणली असती तर मी काही बोलले नसते. आवडली नाही तर ती कपाटात ठेवता येते. ही भेट तुम्हांला रोज घालावी लागणार, झोपेतसुद्धा काढता येणार नाही."

त्या म्हणाल्या, "सिस्टर, मला मुलांबरोबर राहायचंय, चष्म्याबरोबर नाही."

ह्या उत्तरावर मी पुष्कळ दिवस विचार केला. आमच्या शिक्षणात आम्हांला शिकवले होते, की रोग्याची स्वतःची इच्छा ओळखा. नातेवाइकांचा दाब पडत असेल तर तो बाजूला करा आणि खाली उरते ती खरी इच्छा. कांद्याची साल काढावी तसे. पण आपल्या बायकांच्या इच्छेवरून मुले, नवरा, सासर, माहेर अशी एकेक साल काढत गेले तर कांद्यासारखेच होईल, हाती काय उरेल? मुलांचे मन राखावे ही त्या बाईंची स्वतःचीच इच्छा होती. ती परकी म्हणून मी कशी काढून टाकू?

मला फरक वाटतो तो दुसरीकडे. माझ्याकडे येण्यापूर्वीही त्यांनी "हो" म्हटले होते आणि नंतरही "हो"च म्हटले. भिंग तेच, तारीख तीच. पण पहिला "हो" त्यांचा नव्हता. दुसरा डोळा त्यात गुंतला आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि मधली वाट आहे हेही नव्हते. ज्याला एकच दार दाखवले तो त्या दाराने गेला तर त्याने दार निवडले असे होत नाही. दुसरा "हो" त्यांचा होता, मला तो पटो वा न पटो. सल्ला देणाऱ्याचे काम पहिल्या होकारापासून दुसऱ्या होकारापर्यंत नेण्याचे आहे. त्यानंतर त्याने हात सोडावा. नकोसे उत्तर आले म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणे, आपल्याला हवे ते उत्तर येईपर्यंत समजावत राहणे, ही समजूत घालणे नव्हे, ती जबरदस्ती आहे. गोड बोलून केली तरी.

पण एका गोष्टीत मी त्यांचे ऐकले नाही. मी म्हटले, निर्णय बदलू नका, पण तुम्हांला मधली वाट आवडली होती हे मुलांना सांगा. देणाऱ्याला खरे न सांगता भेट घेतली तर त्यालाही आपण अंधारातच ठेवतो. आईला खरोखर काय आवडते हे त्याला कधी कळतच नाही, आणि पुढची भेटही तो तशीच आणतो. ह्या मतावर मी आजही ठाम आहे. त्यागाचे आपल्याकडे फार कौतुक होते. पण गुपचूप केलेल्या त्यागाचा हिशेब कधीतरी कोणाच्या तरी नावावर पडतो, आणि तो बहुधा सुनेच्या नावावर पडतो.

बाईंनी सांगितले. मुलगा बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "आई, तू म्हणशील ते." आणि आई म्हणाली, "तेच घालू."

उजवा डोळा चांगला झाला. डावा होईपर्यंत पाच आठवडे गेले. कॉन्टॅक्ट लेन्स घालायला ७१ व्या वर्षी त्यांना जमेना, तेव्हा धाकटी मुलगी रोज सकाळी कामावर जाण्याआधी येऊन घालून जाई आणि रात्री येऊन काढी. आता त्या बिनचष्म्याच्या फिरतात, बसचा नंबर लांबून सांगतात. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावले की प्रत्येक ज्योतीभोवती त्यांना एक कडे दिसते. नातवंडांना त्या सांगतात की आजीला दिव्यांचे दागिने दिसतात. सुईत दोरा ओवणे मात्र गेले. हातभर अंतरावरचे दिसते, पण नाकाजवळ धरून पूर्वी मुंगीचे पाय दिसत ते आता नाही. "तेवढं आठवतं हो," असे एकदा मला म्हणाल्या.

मधली वाट घेतली असती तर त्या जास्त सुखी झाल्या असत्या का? लोक मला हे विचारतात, जणू काही ते कुठे लिहून ठेवलेले आहे. त्या दुसऱ्या भिंगातून त्यांनी कधी पाहिले नाही, आणि कोणी पाहूही शकत नाही. भिंग निवडताना आपण ज्या माणसासाठी निवडतो तो अजून झालेला नसतो; शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी तो होतो, आणि मेंदूला सवय झाली की त्याला तेच जग खरे वाटू लागते. म्हणून निवड चुकली की बरोबर ठरली, हे निकालावरून पाहण्यात अर्थ नाही असे माझे मत झाले आहे. ती कशी केली गेली, एवढेच पाहता येते.

पैशाविषयी दोन शब्द. १९९५ पासून ह्या देशात आरोग्य विम्याचा कायदा लागू आहे, आणि मोतीबिंदूमुळे कोणा गरिबाला आंधळे राहावे लागत नाही. जगात आजही सर्वांत जास्त लोक आंधळे होतात ते मोतीबिंदूनेच. भारतात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मंडळींनी १९९२ साली ऑरोलॅब काढून भिंगाची किंमत इतकी खाली आणली की खेड्यातल्या माणसालाही ते मिळू लागले. माझ्या दृष्टीने ते ट्रायफोकलपेक्षा मोठे काम आहे. तेव्हा सलमधले भिंग "फुकटातलं" म्हणून नाक मुरडू नये, आणि ऐपत असून कोणी दुसरे घेतले तर त्याला उधळ्या म्हणू नये. एवढे पुरे.

आता, तुम्ही असता तर काय केले असते, ह्या प्रश्नाला मी बगल दिली असे कोणी म्हणू नये. ह्या वर्षी माझ्याच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू ठरला आहे. डावा स्वच्छ आहे, त्याला दूरचा नंबर नाही. वाचायचा चष्मा पंचेचाळिशीपासून गळ्यात साखळीला आहे. उजवा डोळा जवळचा ठेवावा, म्हणजे अंथरुणात पडून वाचता येईल, असे आधी मनात होते. ह्या प्रकाराची परीक्षा आधी घेता येते, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून आठवडाभर कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाहिली. वाचता आले, पण जिना उतरताना पायरी कुठे संपते ते कळेना, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मोतीबिंदूच्या धुक्यातून घेतलेली परीक्षा पुरी खरी नसते हे मला माहीत आहे, पण तीन मजले दिवसातून दोनदा चढायचे-उतरायचे आहेत. म्हणून साधे भिंग, दूरचे, डाव्याच्या जोडीचे. मुलगी म्हणाली, "इमा, तू एवढी वर्षं नर्स होतीस, आणि सगळ्यात साधं घेतेस?" मी तिला माझा दिवस सांगितला: जिना, बाजार, नातवाला गानमधून आणणे, संध्याकाळी चष्मा लावून वाचणे. ज्याला रात्री गाडी चालवायची नाही आणि चष्म्याचा कंटाळा आहे, त्याचा दिवस वेगळा. त्याने माझे भिंग घेऊ नये.

सुक्कोथनंतरची तारीख मिळाली आहे. थेंब घालायला मुलगी येणार आहे. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, पण स्वतःच्या डोळ्यात घालताना पापणी मिटते ती मिटतेच.